अकरा नंबरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. यात माझा काही दोष नाही. सुईचं काम टोचायचं, दिव्याचं काम जळायचं, तसं माझं काम संशय घ्यायचं. जवळ कुणी आलं की मी आधी त्याचा हात बघतो. हातात किल्ली आहे का? असली तर ती त्याला दिली कुणी? माझं सगळं आयुष्य या दोन प्रश्नांत गेलं. त्यातले तीन आठवडे मात्र असे होते की मला माझ्याच संशयाची लाज वाटली. ती हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईजवळच्या एका बोळात वीरण्णा नावाचे कारागीर बसायचे. कानस, हातोडी आणि एक लहानसा भाता, एवढाच त्यांचा संसार. त्यांनी माझं पितळ ओतलं, घासलं, पोटात तीन खटके बसवले आणि किल्ली घालून सात वेळा फिरवून बघितली. मग मला कानाशी धरून ते म्हणाले, "कुलपा, ध्यानात ठेव. आपल्याला हाव म्हणायचं, परक्याला न्हाई म्हणायचं. पण आपलं कोण अन् परकं कोण, हे तू ठरवू नको. ते किल्लीवाला ठरवतो."

तेव्हा मला हे बोलणं फार सोपं वाटलं होतं.

तरुणपण एका डाळमिलच्या गोदामावर गेलं. तुरीच्या डाळीचा पिवळा भुगा माझ्या कानाकोपऱ्यात बसायचा. मिलचे मुनीम लोकांना कौतुकानं दाखवायचे, "हे बघा, वीरण्णाचं काम. हत्तीनं वढलं तरी सुटायचं न्हाई." ते ऐकून माझा तोरा वाढायचा.

पुढे लातूरचा वेगळा जिल्हा झाला. उस्मानाबादकडे बघत बसलेल्या गावाला एकदम स्वतःची कचेरी आली, नव्या पाट्या आल्या, टेबलं आली, कपाटं आली. जिकडे तिकडे चुन्याचा आणि रंगाचा वास. एवढ्या दारांना कुलपं कुठून आणायची? तेव्हा आमच्यासारख्या जुन्यांनाही मागणी आली. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका माळावर विद्यापीठाचं एक नवं केंद्र सुरू झालं होतं. माझी रवानगी तिथल्या मुलींच्या वसतिगृहात झाली. फाटकावर मला चढवताना अधीक्षक अण्णाराव सर म्हणाले, "मुलींचं वसतिगृह आहे. कुलूप खानदानी पाहिजे." मी खूश झालो. शिकलेल्या माणसांत राहायला मिळणार होतं.

वसतिगृहात वीस-बावीस मुली होत्या. उदगीर, निलंगा, देगलूर, कंधार, कुठून कुठून आलेल्या. खोल्या बारा. बारावी खोली म्हणजे अडगळ, आणि तिला लागून, न्हाणीघराच्या अगदी तोंडाशी, अकरावी. अकराव्या खोलीत दोन मुली राहायच्या. हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली पंचशीला आणि उदगीरची खुर्शीद. पंचशीला बौद्ध घरातली, गणित घेऊन एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. खुर्शीद इतिहासाची.

या दोघींना एकत्र आणि त्याच खोलीत कुणी घातलं, हे मला कधी कळलं नाही. यादी अण्णाराव सरांनी केली होती. विचारलं की ते म्हणायचे, "नंबरानं आलं." पण नंबरानं आलेल्या बाकीच्या मुलींच्या खोल्या मधेमधे बदलायच्या. अकरावी कधी बदलली नाही.

उघड कुणी काही बोलायचं नाही, हे आधी सांगायला हवं. शिकलेली माणसं होती. जेवणाच्या खोलीत मात्र या दोघींची ताटं भिंतीकडच्या फळीवर वेगळी पालथी घातलेली असायची आणि ते दर वेळी चुकून झालेलं असायचं. कुणी शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं विचारायला आलं की दुसरी कुणी हसून म्हणायची, "अकरा नंबरला विचारा. ते सरकारचे पाव्हणे हायेत." पंचशीला वर्गात पहिली आली तेव्हा पेपर तपासणाऱ्याचं आडनाव काय, याची चर्चा फाटकाशी माझ्यासमोर झाली. मी ऐकत होतो. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मलाही तेव्हा वाटलं होतं, असेल काहीतरी. संशय असा असतो. तो दुसऱ्याच्या तोंडून निघतो आणि आपल्या पोटात मुक्काम करतो.

मग जिल्ह्याच्या चौथ्या वर्षी पाऊस गेला.

आदल्या साली थोडा तरी शिडकावा झाला होता. त्या साली तोही नाही. विहीर आटली, बोअर हवा ओकायला लागली. माळावरचं गवत आधी पिवळं, मग पांढरं, मग नाहीसंच झालं. दिवसाआड सकाळी दहाला टँकर यायचा आणि वसतिगृहामागचा हौद भरून जायचा. पाण्याला राखण हवी म्हणून मला फाटकावरून काढलं आणि हौदाच्या लोखंडी झाकणाला लावलं. डाळीची राखण केलेल्या मला पाण्याची राखण म्हणजे बढती वाटली.

किल्ली असायची तुळजाबाईंकडे. सगळ्या त्यांना मौशी म्हणायच्या. जवळच्याच खेड्यातल्या शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या, नवरा गेलेला. त्यांची चार एकर काळी जमीन त्या साली भेगाळून पडली होती आणि ही नोकरी सोडली तर घरात दुसरा आधार नव्हता. सकाळ-संध्याकाळ त्या मला उघडायच्या. मुली रांगेनं यायच्या, पोहरा हौदात सोडायच्या आणि आपापली बादली भरून घ्यायच्या.

अकरा नंबरची बादली मात्र पाच हात लांब ठेवायची. तिथं मौशी स्वतः पोहरा नेऊन वरून पाणी ओतायच्या. बादलीला पोहरा लागू नये म्हणून हात उंच धरायच्या. उंचावरून ओतलं की पाणी उडतं. अर्धं बादलीत, अर्धं मातीत.

पहिल्या दिवशी पंचशीलानं विचारलं, "मौशी, मीच वढून घेते की. तुम्हाला कामून तरास?"

"सरांचा हुकूम हाय बाई," मौशी खाली बघत म्हणाल्या. "गर्दी व्हती म्हनं. शिस्त पायजे."

"बाकीच्यांची गर्दी व्हत न्हाई?"

मौशी पुढच्या बादलीकडे वळल्या. खुर्शीद पंचशीलाचा पदर ओढून म्हणाली, "चल गं. पाणी मिळून राहिलं ना? बस झालं." पण पंचशीला जागची हलली नाही. मातीत जिरलेल्या पाण्याचा ओला डाग वाळेपर्यंत ती तिथं उभी राहिली. वाळायला फार वेळ लागला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मे महिना लागला. परीक्षेला वीस दिवस उरले आणि हौदातलं पाणी कमी भरायला लागलं. टँकर तेवढाच, मुली तेवढ्याच, पण संध्याकाळी झाकण उघडलं की पाणी दोन-तीन विती खाली गेलेलं. मौशी एक वेळूची काठी सोडून मोजायच्या. काठीची ओल रोज आखूड होत होती.

"कुणीतरी मधल्या वक्ताला काढून राहिलंय," एक मुलगी म्हणाली.

"कुलूप तर हाय."

"कुलपाला किल्ली बी असते. एकीच्या दोन करायला काय लागतं?"

मला संताप आला. माझ्या पोटात मौशींच्या किल्लीशिवाय दुसरं काही शिरलं नव्हतं. ते माझ्याइतकं कोण जाणणार? पण मला तोंड असून वाचा नाही. आणि मग माझ्याच मनात आलं, मी नाही म्हटलं तरी पाणी जातंय ना? मला चुकवून जाणारी एखादी वाट कुणीतरी शोधली असेल. झाकणाच्या बिजागऱ्या सैल असतील. कोण असेल?

तेव्हापासून मी पंचशीलावर नजर ठेवली. कारण ती रोज दुपारी एकटी हौदापाशी यायची. बाकीच्या मुली उन्हाच्या तावात खोल्यांत पडलेल्या असायच्या. ती यायची, झाकणाला कान लावायची, मला हातात घेऊन उलटंपालटं करायची, बिजागऱ्या चाचपायची आणि वहीत काहीतरी लिहून निघून जायची. चोराशिवाय असं कोण करतं? मी मनाशी पक्कं केलं, हीच.

मीच नाही, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून जगदेवीनंही ते बघितलं. जगदेवी निलंग्याच्या बाजूची, बड्या शेतकऱ्याची मुलगी. मुलींनी तिला वसतिगृहाची प्रतिनिधी निवडलं होतं. मनानं वाईट नव्हती, पण चार जणी बोलतील तेच तिला खरं वाटायचं. तिनं पाहिलेलं सरांच्या कानावर घातलं.

दुसऱ्या दिवशी अण्णाराव सर दोन कारकुनांना घेऊन आले. झडती फक्त अकराव्या खोलीची झाली. तिची मागची खिडकी हौदाकडे उघडायची म्हणून बोलणं मला ऐकू येत होतं, बाकीचं पुढे मुलींच्या तोंडून कळलं. खोलीत चार डबे पाणी निघालं. "एवढं पाणी कुठून?" सरांनी विचारलं. खुर्शीद घाबरून म्हणाली, "सर, आम्ही आंघोळ एक दिवसाआड करतो. वाचवलेलं हाय." मग पंचशीलाची ट्रंक उघडली. तळाशी चोळीच्या खणात गुंडाळलेली एक पितळी किल्ली निघाली.

किल्ली बघून सगळ्या मुली जिन्यापर्यंत मागे सरल्या.

"ही कशाची?" सरांनी विचारलं.

"घराची," पंचशीला म्हणाली. "आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. बाप हदगावला जिनिंगमध्ये. घराला कुलूप असतं. एक किल्ली माझ्यापाशी ठेवलीय, आले तर उघडायला."

"असं? मग लावून बघू."

सगळी वरात माझ्यापुढे आली. मित्रांनो, कुलपाच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे येतात. कारकुनानं ती किल्ली माझ्या पोटात घातली. तीही लातूरच्याच कुठल्या तरी कारागिराच्या हातची असावी, कारण बेमालूम आत शिरली. उजवीकडे फिरवली. माझा पहिला खटका हलला. दुसरा हलला. मागे कुणीतरी म्हणालं, "बघा! बघा!" पंचशीलाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती निर्दोष आहे हे तिला ठाऊक होतं, पण जुन्या कुलपाचा काय भरवसा? तिसऱ्या खटक्याशी किल्ली अडली. कारकुनानं जोर केला. दोन्ही हातांनी केला. तिसरा खटका वीरण्णांनी कानशीनं घासून बसवला होता, तो हलला नाही.

मी उघडलो नाही.

त्या क्षणी मला कळलं की चोर म्हणून मी धरलं होतं ती मुलगी चोर नव्हती. मला वाटलं, आता सगळे गप्प होतील, सर खाली बघतील, निदान जगदेवी तरी काही बोलेल. तसं काही झालं नाही. सर म्हणाले, "ही लागली नाही म्हणून काय झालं? दुसरी कुठंतरी असेल." आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी माना डोलावल्या. किल्ली लागली असती तर ती चोर ठरली असती. लागली नाही तर ती हुशार चोर ठरली.

सरांनी तिथंच कट्ट्यावर बसून कागद केला. "खोली क्रमांक अकरा. पाणीचोरीबाबत संशयित." खाली दोघींची नावं. तीन दिवसांत वसतिगृह सोडावं, असा हुकूम. परीक्षेला आठ दिवस होते. त्या माळाच्या आसपास राहायला दुसरी जागा नव्हती आणि हदगावकडून रोज येणं-जाणं केवळ अशक्य. हे सरांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी खुर्शीद ट्रंक भरायला लागली. "मी जाते अब्बाकडं," ती म्हणाली. "पुढच्या साली बघू. तू बी चल."

"पुढच्या साली ह्योच कागद पुढं येईल," पंचशीला म्हणाली. "मी न्हाई जाणार."

दुसऱ्या दिवशी अण्णाराव सर जिल्ह्याच्या बैठकीला लातूरला गेले. दहाला टँकर आला, हौद भरला, मुलींनी बादल्या भरल्या. तेव्हा पंचशीला सगळ्यांसमोर पुढे आली. हातात खळीची वाटी आणि वहीची फाडलेली पानं.

"माझं एक ऐका," ती म्हणाली. "मला दोन दिवसांत घालवणारच हाय, तर आज ऐकायला काय जातं? मौशी, काठीनं पाणी मोजा. सगळ्याजणी बघा. मग कुलूप लावा. झाकणाच्या फटीवर अन् किल्लीच्या भोकावर मी कागद चिकटवते. त्याच्यावर सह्या तुमच्या. माझी नको. किल्ली जगदेवीनं ठेवावी. पाच वाजता उघडू."

"अन् पाणी कमी झालं न्हाई तर?" कुणीतरी विचारलं. "म्हंजे रोज तूच काढत व्हतीस."

"मग तसं लिहा," पंचशीला म्हणाली. "मी सही करून जाईन."

शेवटी जगदेवीनं पेन घेतलं. काठीवर खूण केली. मला लावलं, माझ्या तोंडावर कागद बसला, आणि मी आंधळा झालो. पण कान होते.

अकरा वाजल्यापासून पंचशीला हौदासमोर बसली. थोड्या वेळानं दुसरी पावलं आली. जगदेवी छत्री घेऊन आली होती. दोघी एकमेकींपासून पाच हातांवर बसल्या. ऊन इतकं होतं की झाकणाचा पत्रा कडकड वाजत होता.

मग पंचशीलानं विचारलं, "जगदेवी, तू हितं पाण्याला राखायला बसलीस का मला?"

"खरं सांगू? तुला," जगदेवी म्हणाली.

"बरं झालं खरं बोललीस."

"तू रोज दुपारी हितं येऊन काय करायचीस? मी बघितलंय वरून."

"पाणी कुठं जातंय ते ऐकायची. ही वही घे, बघ. सकाळी किती, सांजच्याला किती. दुपारी एक ते चार आत खळखळ ऐकू येते, तेव्हाच उतरतंय. मी सरांना वही दाखवली तर सर म्हणाले, तुला बरी माहिती चोरीच्या वेळेची."

पानं उलटल्याचा आवाज आला. जगदेवी बराच वेळ वाचत होती. "अय्यो," एवढंच ती म्हणाली. मग छत्री उघडी तशीच मधे ठेवली गेली. सावली दोघींच्या वाट्याला थोडी थोडी आली असेल. नक्की सांगता येत नाही, मला दिसत नव्हतं.

पाच वाजता सगळ्या जमल्या. सह्या तपासल्या. कागद शाबूत होता, कुठं चीरसुद्धा नव्हती. जगदेवीनं स्वतःच्या हातानं मला उघडलं आणि मौशींनी काठी सोडली. बाहेर काढली तेव्हा ओल खुणेच्या तीन विती खाली होती.

मी लागलेला होतो, कागद शाबूत होता, समोर दोघी बसलेल्या होत्या, आणि पाणी गेलं होतं.

"वरून गेलं न्हाई," पंचशीला हळू म्हणाली. "मग खालून गेलं. खालून वाट कुणाला म्हाईत हाय?"

ती कुणा एकीकडे बघत नव्हती. पण तुळजाबाईंनी हातातली काठी खाली ठेवली.

"मला म्हाईत हाय पोरी," मौशी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मागच्या मुली पुढे सरकल्या. "बांधकामाच्या वक्ताला नळ घातला व्हता, हौदाच्या बुडाखालून, पाव्हण्यांच्या बंगल्यापत्तर. तिकडं पानी सोडायचा वॉल हाय. मोठे पाव्हणे येणार म्हनून हिरवळ राखायचीय. माळी दुपारच्याला सोडून राहिलाय. सरांनीच सांगितलं व्हतं, कुनाला बोलायचं न्हाई म्हनून."

"अन् तुम्ही बोलला न्हाई," जगदेवी म्हणाली.

"बाई, माझी नोकरी..." मौशींनी पदर तोंडाला लावला.

सगळ्या उतारावरून खाली धावल्या. अतिथीगृहासमोर कापलेली, हिरवीगार, ओलीकच्च हिरवळ होती. साऱ्या माळावर गुरांना चघळायला काडी नव्हती आणि तिथं चालताना पायाला गारवा लागत होता. हे मला मुली परत आल्यावर त्यांच्या बोलण्यातून कळलं. रोज येताजाता ती हिरवळ सगळ्यांनी बघितली होती. तिच्यावर मात्र कुणी संशय घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर सूचना लावली. "जुन्या नळाच्या गळतीमुळे पाणी कमी होत होते. दुरुस्ती करण्यात आली आहे." गळती! पंचशीलाची कुणी माफी मागितली नाही. वसतिगृह सोडायचा हुकूम मात्र मागे घेतला, कारण जगदेवी अठरा मुलींच्या सह्या घेऊन कचेरीत बसून राहिली. चार जणींनी सही केली नाही. त्यांचं म्हणणं, "ती न्हाई तर तिच्या जोडीची असेल." अशीही माणसं असतात. खुर्शीदची ट्रंक पुन्हा उघडली.

पंचशीला सरांकडे एकच मागणी घेऊन गेली. "सर, तो कागद फाडा. न्हाईतर त्याच्यावर लिहा, संशय खोटा ठरला म्हणून."

"बघू," सर म्हणाले. "कागद असा फाडता येत नाही. नोंद असते."

मौशींना महिन्याअखेर घरी बसायला सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी त्या हौदापाशी आल्या. मला झाकणावरून काढलेलं होतं, मी बाजूच्या कडीला नुसता लटकत होतो. ज्याला हवं त्यानं पाणी घ्यावं, असं आता चाललं होतं. चार मुली अजून न्हाणीघरामागून दुसऱ्या पिंपातलं घ्यायच्या, ते सोडा. पंचशीला परीक्षेचा पेपर देऊन आली होती. तिनं स्वतः पोहरा ओढला, आपला तांब्या भरला आणि मौशींपुढे धरला.

"उन्हातून जायचंय तुम्हाला. प्या."

मौशींनी तांब्याकडे बघितलं. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मला वाटलं, नाही घेणार. शेवटी त्यांनी हात पुढे केला, मान वर केली आणि सवयीप्रमाणे तांब्या तोंडापासून वीतभर उंच धरला.

"तोंड लावून प्या मौशी," पंचशीला म्हणाली. "माझा तांब्या काही बाटत न्हाई."

बोलण्यात राग होता की माया, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असावं. तुळजाबाई रडायला लागल्या आणि रडता रडताच त्यांनी तांब्याला ओठ लावले. घटाघटा सगळं पाणी प्यायल्या. एक थेंब मातीत पडला नाही.

पंचशीला त्या साली पहिल्या वर्गात पास झाली. जगदेवी तिला एस.टी.पर्यंत पोचवायला गेली, पण त्या जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या असं मी सांगणार नाही. जगदेवी काही बोलली की पंचशीला आधी एक क्षण थांबायची आणि हिच्या मनात काय असेल, ते बघायची. ती मुलगी त्या तीन आठवड्यांत माझा धंदा शिकली होती. माणसाला तो शोभत नाही, मित्रांनो. पण तिला तो शिकवला कुणी?

पुढच्या साली पाऊस झाला. हौदाची गरज उरली नाही. मला कचेरीत नेलं आणि जुन्या कागदांच्या लोखंडी कपाटाला लावलं. ते कागद ठेवताना मी पाहिलं, वरून तिसऱ्या गठ्ठ्यात तो होता. "खोली क्रमांक अकरा. संशयित." त्यावर पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. सरांचं "बघू" तसंच राहून गेलं होतं.

दोन वर्षांनी नांदेडच्या एका महाविद्यालयातून पत्र आलं. पंचशीलाला तिथं गणित शिकवायला घ्यायचं होतं, तिच्या वर्तनाबद्दल विचारणा होती. नव्या कारकुनानं मला उघडलं, गठ्ठे चाळले आणि तो कागद हातात घेऊन म्हणाला, "हिच्यावर काहीतरी चौकशी झालेली दिसते." त्याला हौद माहीत नव्हता, काठी माहीत नव्हती, हिरवळ माहीत नव्हती. त्यानं काय उत्तर लिहिलं, ते मला दिसलं नाही. कागद मात्र परत जागेवर ठेवून त्यानं मला लावून टाकलं.

त्याला आता कितीतरी वर्षं झाली. अण्णाराव सर निवृत्त झाले. नवी इमारत झाली, नव्या दारांना नवी कुलपं आली. हे कपाट जिन्याखाली ढकललं गेलं. माझ्या पितळेवर हिरवं किटण चढलंय, कडीला गंज लागलाय. कधीतरी कुणी येतं, मला ओढून बघतं आणि किल्ली हरवली म्हणून निघून जातं. हरवली म्हणतात. माझा त्यावर विश्वास नाही. कुणीतरी ती शोधायचीच नाही, असं ठरवलेलं असावं.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा तुमच्याकडे काय मागतात? पुसा, तेल घाला, फेकू नका. मला यातलं काही नको. तुमच्यापैकी जे कुणी शिकायला या माळावर याल, त्यांना माझी एकच विनंती आहे. किल्ली मिळाली तर ठीक, नाही मिळाली तर हातोडी आणा. वीरण्णांचं काम आहे, दोन घावांत तुटणार नाही, चार घाला. माझी काळजी करू नका. वरून तिसरा गठ्ठा काढा आणि त्या कागदावर, त्या दोन नावांपुढे, जे तेव्हा लिहायचं राहून गेलं ते स्वच्छ अक्षरात लिहा.